निळ्या पाटीची जागा

मित्रांनो, माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत तीनच शब्द लिहिले आहेत: मेन अ‍ॅट वर्क. बाकी मी निळी. अठरा इंच लांब, बारा इंच रुंद, जाड पत्र्याची, वयाने जुनी अशी मी एक पाटी आहे. माझ्या दांड्याच्या टोकाला एक पकड आहे. ती रुळावर बसवून स्क्रू पिळला की मी रुळाशेजारी ताठ उभी राहते. माझे काम एवढेच. मी उभी असेन तर समोरचा डबा कोणी हलवायचा नाही आणि त्याला इंजिन जोडायचे नाही, कारण डब्याखाली माणूस काम करतो आहे.

माझ्याबाबत नियम एकच आहे. ज्याने मला लावले त्यानेच मला काढायचे. साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. गाडीला उशीर होत असला तरी लावायचा नाही.

माझा जन्म १९४८ सालचा. न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यातल्या डोंगरांत स्लेट रिज नावाची एक छोटी रेल्वे होती. तिच्या कारखान्यात योसेफ हाव्लिक नावाचा लोहार होता. त्या काळी तिथे निळे निशाण कापडाचे असे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते निशाण वाऱ्याने काठीभोवती गुंडाळले गेले. इंजिन चालवणाऱ्याला ते दिसले नाही, आणि डब्याखाली गेलेला योसेफचा जोडीदार पुन्हा वर आला नाही. चार दिवसांनी योसेफने बॉयलरच्या उरलेल्या पत्र्यातून मला कापले. रंग वाळल्यावर तो म्हणाला, "आता गुंडाळून दाखव." कोणाला म्हणाला ते मला कळले नाही. वाऱ्याला असावे.

पुढे तेवीस वर्षे मी काम केले. माझ्या पाठीमागे काम करताना लोकांची बोटे चेंगरली, कपाळाला जखमा झाल्या, डोळ्यांत गंजाचे कण गेले. पण डबा हलला म्हणून कोणी मेले नाही. या तेवीस वर्षांत माझे कोणी कौतुक केले नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. काही घडले नाही म्हणून कोणाचे कौतुक करायची रीत नाही.

१९७१ साली रेल्वे बंद पडली. कारखान्याला कुलूप लागले, मग कुलूपही कोणी नेले. मला गावातल्या एका बाईंनी उचलून नेले आणि माझा दांडा काढून मला बागेत जिरेनियमच्या कुंडीखाली ठेवले. पाणी झिरपून झिरपून माझ्या अंगावर गंजाचे एक गोल कडे उमटले. कुंडीखाली मी तेहेतीस वर्षे काढली. त्या बाई प्रेमळ होत्या, कुंडीला रोज पाणी घालत. मी कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते इतकेच.

दरम्यान काही माणसांनी मिळून ती बंद रेल्वे पुन्हा उभी करायला घेतली. पगार कोणालाच नाही. कोणी शिक्षक, कोणी नळ दुरुस्त करणारा, कोणी निवृत्त परिचारिका. शनिवार-रविवारी येऊन त्यांनी झाडीत बुडालेले अकरा मैल रूळ मोकळे केले, सडलेले डबे उघडून पुन्हा बांधले, एक जुने डिझेल इंजिन मिळवले आणि प्रवाशांसाठी गाडी सुरू केली. त्यांच्यात लॉरेन होती. ती एकतीस वर्षे शाळेची बस चालवून निवृत्त झाली आणि मग इंजिन चालवायला शिकली. आता गाड्यांचे सगळे वेळापत्रक आणि सगळी शिस्त तिच्या हातात आहे. त्या बागेत एकदा जुन्या वस्तूंची विक्री होती, तिथे लॉरेनने कुंडी उचलली आणि मला पाहिले. कुंडी तिने तिथेच ठेवली. मला छातीशी धरून ती गाडीत बसली.

मला पुन्हा दांडा लावला, खरवडले आणि निळा रंग दिला तो मनोहरकाकांनी.

मनोहरकाका यंत्रांचे इंजिनीयर. सत्तरच्या दशकात नागपूरहून इकडे आले, पंप बनवणाऱ्या कंपनीत चौतीस वर्षे काढली आणि निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्याच पार्सिपनी गावात राहू लागले. एके रविवारी नातवाला गाडी दाखवायला आले असताना चार माणसे एका अडकलेल्या बोल्टशी झगडताना त्यांना दिसली. नातवाला बाकावर बसवून ते मदतीला गेले. त्या दिवसापासून दर शनिवारी येतात. त्यांच्यामागून आणखी मराठी माणसे आली आणि आज चाळीस स्वयंसेवकांत नऊ मराठी आहेत. त्यांच्या संगतीत मलाही मराठी येऊ लागले.

नव्या लोकांना नियम शिकवण्याचे काम काकांचे होते. केदार पहिल्यांदा आला तेव्हाचा वर्ग मला आठवतो. केदार पुण्याचा, वय छत्तीस, एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करणारा. काकांनी मला हातात उचलून धरले.

"हे बघा. पाना, हातोडा, जॅक, सगळं नंतर. आपलं पहिलं हत्यार हे."

केदार म्हणाला, "काका, आमच्याकडे पण असं लॉक असतं. एकानं केलं की दुसऱ्याला उघडता येत नाही. फक्त अ‍ॅडमिन काढू शकतो."

"इथे अ‍ॅडमिन नाही."

"मग ज्यानं लावलं तो घरी निघून गेला तर?"

"तर त्याला बोलवायचं."

सगळे हसले. केदारही हसला. काका हसले नाहीत. काकांचा तो शब्द, 'पहिलं हत्यार', केदारने मात्र नीट लक्षात ठेवला. दुर्दैव असे की चूक त्यातूनच झाली.

दोन वर्षांपूर्वी दसरा शनिवारी आला. काकांच्या पत्नी सुनेत्राकाकूंनी ठरवले की यंदा कारखान्यात यंत्रांची पूजा करायची. लॉरेनला विचारले. तिने विचारले, "आग पेटवणार का?" काकू म्हणाल्या, "एक निरांजन." लॉरेन म्हणाली, "डिझेलच्या टाकीपासून लांब." परवानगी मिळाली. केदार आणि त्याची बायको आश्लेषा आयसेलिनच्या भारतीय बाजारात जाऊन झेंडूच्या माळा, नारळ आणि पेढे घेऊन आले.

त्या दिवशी साडेदहाची गाडी होती. एकशे बासष्ट तिकिटे गेली होती. तीन नंबरच्या डब्याच्या ब्रेकची एक खीळ झिजली होती, ती बदलायला काका सकाळी लवकर आले. तो डबा ज्या रुळावर होता तो रूळ मागच्या बाजूला बंद आहे, म्हणजे इंजिन येणार ते एकाच बाजूने. त्या बाजूला काकांनी मला रुळावर बसवले, स्क्रू पिळला, हलवून पाहिले आणि ते डब्याखाली गेले. तेव्हा आठ वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

थोड्या वेळाने ते बाहेर आले. नवी खीळ जाडीला जास्त होती. डब्याच्या पलीकडच्या बाजूने ते भांडारात दुसरी खीळ शोधायला गेले. मी जागेवरच होते. ते बरोबरच होते, कारण काम संपले नव्हते.

नेमका तेव्हा केदार आला. अंगात नवा कुर्ता, हातात मोठे ताट. आदल्या दिवशी काकांनी त्याला सांगितले होते, "सगळी हत्यारं गोळा कर रे पूजेला. काही राहायला नको." त्याने पाने घेतले, हातोडे घेतले, तेलाची झारी घेतली. मग त्याला मी दिसले.

"काका?" त्याने हाक मारली. उत्तर आले नाही. त्याने कुर्ता सावरून वाकून डब्याखाली पाहिले. खाली कोणी नव्हते.

"झालं वाटतं काकांचं," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि पहिलं हत्यारच राहिलं असतं."

त्याने माझा स्क्रू सैल केला. मित्रांनो, त्याच्या हातांत घाई नव्हती, निष्काळजीपणाही नव्हता. त्याने मला दोन्ही हातांनी उचलले. कारखान्यात नेऊन पाटावर सगळ्या हत्यारांच्या मधोमध भिंतीला टेकवून उभे केले. आश्लेषाने माझ्या कडेने माळ सोडली. काकूंनी मला हळद-कुंकू लावले.

कारखान्याचे मोठे दार उघडे होते आणि मी दाराकडे तोंड करून उभी होते. समोर पन्नास पावलांवर तीन नंबरचा डबा दिसत होता आणि त्याच्यापुढे माझी रिकामी जागा. मी पाहिले, की काका पलीकडच्या बाजूने परत आले आणि गुडघे टेकून डब्याखाली शिरले. पाटी त्यांनीच लावली होती, त्यामुळे ती आहे की नाही हे पाहायला ते पुढच्या बाजूला आले नाहीत.

"हे कुठे राहिले?" काकूंनी विचारले.

"हात धुवायला गेले असतील," केदार म्हणाला.

"यांची वाट बघत बसलो तर गाडी निघून जाईल. करा सुरू. येतील ते प्रसादाला बरोबर."

आरती सुरू झाली. टाळ्या, झांजा, घंटा. लोखंडी छपराच्या कारखान्यात आवाज घुमतो. त्या आवाजात डब्याखाली बसणारे हातोडीचे ठोके कोणाला ऐकू येणार? मला दिसत होते ते काकांचे बूट, आणि रुळावरून सावकाश येणारे इंजिन.

इंजिनात लॉरेन होती. तिने माझ्या जागेकडे पाहिले. जागा रिकामी होती, म्हणजे डबा मोकळा होता. आमचे डबे इंजिन टेकले की आपोआप अडकतात. टेकताना डबा हातभर मागे सरकतो. काकांनी ब्रेक सोडवलेला होता, म्हणजे सरकणारच. चाकाजवळ माणूस असेल तर हातभर पुष्कळ होते.

माझी आयुष्यभराची सगळी किंमत माझ्या जागेत होती, आणि मी जागेवर नव्हते. मला ओवाळले जात होते.

आता लॉरेनची एक सवय सांगितली पाहिजे. शाळेची बस रूळ ओलांडण्याआधी थांबवावी लागते. दार उघडायचे, कान द्यायचा, मगच पुढे जायचे. एकतीस वर्षांत ही गोष्ट तिच्या अंगात मुरली. इंजिनावरही ती डबा जोडण्याआधी थांबते, खिडकी उघडते आणि ऐकते. बाकीचे तिची थट्टा करतात. "लॉरेन, आपण रूळ ओलांडत नाही, आपण रुळावरच आहोत!" ती म्हणते, "मला ठाऊक आहे." आणि तरी थांबते.

ती थांबली. खिडकी उघडली. तिला झांजा ऐकू आल्या, टाळ्या ऐकू आल्या, आणखी काही ऐकू आले नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याने पुढे जायचे नाही, एवढे ती जाणून होती. ती आरती संपायची वाट पाहत बसली. तीन मिनिटे असतील. माझ्या आयुष्यातली तेहेतीस वर्षे कुंडीखाली गेली, पण त्या तीन मिनिटांएवढी ती लांब नव्हती.

आरती संपली. घंटा ठेवली गेली. सगळे डोळे मिटून उभे राहिले. त्या शांततेत डब्याखालून आवाज आला. टक्. टक् टक्.

लॉरेनने इंजिन बंद केले, खाली उडी मारली आणि ओरडली, "खाली कोण आहे?"

"मी आहे," काकांचा आवाज आला. "दोन मिनिटं. आणि ओरडतेस कशाला? पाटी आहे ना!"

केदारने माझ्याकडे पाहिले. त्याच्या हातातले पेढ्यांचे ताट खाली ठेवायचे त्याला सुचेना. आश्लेषाने ते काढून घेतले.

काका बाहेर आले. रिकामा रूळ पाहिला. मग कारखान्याच्या दारात येऊन मला पाहिले. मी झेंडूत उभी होते. मग त्यांनी माळ बाजूला केली आणि मला उचलले.

"अहो, पूजेतली आहे ती," काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेले. "आजच्या दिवस वापरत नाहीत."

"हिला सुट्टी नसते," काका म्हणाले.

त्यांनी मला रुळावर बसवले, स्क्रू पिळला आणि पुन्हा डब्याखाली जाऊन खीळ पुरी ठोकली. माझ्या अंगावर कुंकू तसेच होते. काम संपल्यावर मला काढले तेही त्यांनीच.

लॉरेनने त्या दिवसाची गाडी रद्द केली. एकशे बासष्ट माणसांना परत पाठवले. मग तिने काका आणि केदार दोघांना समोर बसवले. तिचा आवाज चढला नाही.

"केदार, तू पाटी काढलीस. मनोहर, तू परत खाली जाताना पाटी पाहिली नाहीस. दोघांनीही तीन महिने कामावर यायचं नाही. नंतर दोघांनी पुन्हा परीक्षा द्यायची."

"लॉरेन, चूक माझी आहे," केदार म्हणाला. "काकांना कशाला?"

"मी विचारलेलं नाही."

काकांनी मान हलवली. "बरोबर आहे तिचं."

मला हातात घेऊन काका पार्किंगपर्यंत आले, तेव्हा केदार त्यांच्यासमोर उभा राहिला. तो म्हणाला, "काका, मी नाही येणार परत. मला जमणार नाही. मी वाकून पाहिलं होतं हो. खाली कोणी नव्हतं."

"नव्हतंच. मी खीळ आणायला गेलो होतो."

"मी तुम्हाला मारलं असतं."

"हो," काका म्हणाले. त्यांनी ते मऊ करून सांगितले नाही. "पण चूक मी शिकवलेली आहे. मी हिला हत्यार म्हणालो. हत्यार कोणीही उचलतं. माझा पाना तू घेतलास, तुझा मी घेतला, काय बिघडतं? ही हत्यार नाही. ही सही आहे. मी लावली की माझी सही. दुसऱ्याची सही आपण खोडतो का?"

केदारने खिशातून गाडीची किल्ली काढली.

"तीन महिन्यांनी परीक्षा आहे," काका म्हणाले. "मी अभ्यास करणार आहे. तुला करायचा असेल तर गुरुवारी संध्याकाळी घरी ये."

जानेवारीत दोघांनी परीक्षा दिली. लॉरेनने काकांना दोन प्रश्न जास्त विचारले. काकांनी त्यांची उत्तरे उभे राहून दिली. त्यानंतर मला एक जादा वस्तू मिळाली. माझ्या दांड्याला भोक पाडून तिथे एक आकडा बसवला आहे. मला लावणारा माणूस आपल्या नावाचा पितळी बिल्ला त्या आकड्याला अडकवतो.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. चूक झाल्यावर नियम सगळेच पाळतात. पुढे जे झाले ते जास्त अवघड होते.

एप्रिलमध्ये त्या वर्षाची पहिली गाडी होती. शनिवार, दुपारी एकची वेळ. फलाटावर एकशे चाळीस माणसे, त्यांत लहान मुले पुष्कळ. सकाळी केदार त्याच तीन नंबरच्या डब्याखाली काम करत होता. त्याने मला लावले होते, बिल्ला अडकवला होता. काम पुरे करून तो बाहेर आला आणि हात पुसत असतानाच त्याच्या कंपनीचा निरोप आला, की कुठलीशी मोठी यंत्रणा बंद पडली आहे, ताबडतोब कामाला लाग. आमच्या डोंगरात फोनला रेंज धड नसते. लॅपटॉप घेऊन तो गाडीत बसला आणि वीस मैलांवरच्या गावातल्या वाचनालयाकडे निघाला. हत्यारे त्याने उचलली होती. मला मात्र तो विसरला.

साडेबाराला लॉरेन इंजिन घेऊन आली. मला पाहिले आणि थांबली. काका डब्यापाशी आले. त्यांनी बिल्ल्यावरचे नाव वाचले, वाकून खाली पाहिले, दोन्ही बाजूंनी चालत गेले, हाका मारल्या. खाली कोणी नव्हते. मग केदारची गाडी पार्किंगमध्ये नाही हे कळले.

काकांनी स्टेशनातल्या तारेच्या फोनवरून त्याला फोन लावला. खिडकी उघडी होती, मला दोन्हीकडचे ऐकू येत होते, कारण कमी ऐकू येत असल्याने काका फोन स्पीकरवर ठेवतात.

"केदार, पाटी रुळावर आहे."

"ओह गॉड. सॉरी काका, सॉरी. काढा तुम्ही. काम झालंय माझं, सगळं टाइट केलंय."

"तू ये."

"काका, मी कॉलवर आहे. चाळीस लोक लाइनवर आहेत, माझा मॅनेजर आहे. मी सांगतोय ना, खाली कोणी नाही. काढा प्लीज."

"फोनवर सही होत नाही, केदार."

पलीकडे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग तो हळू म्हणाला, "आलो."

एक वाजला. सव्वा वाजला. काका स्वतः फलाटावर प्रत्येकाकडे जाऊन गाडीला उशीर का होतो आहे हे सांगत होते. काही लोक समजून घेत होते, काही घड्याळ दाखवत होते. आयसेलिनहून आलेले एक मराठी गृहस्थ मुलीचा हात धरून थेट माझ्यापर्यंत आले.

"काका, एका पाटीसाठी? तुम्ही स्वतः वाकून पाहिलंत, मी बघत होतो. खाली कोणी नाही. उचला आणि बाजूला ठेवा ना यार. पोरं कंटाळलीत."

"दसऱ्याच्या दिवशीही एकाने वाकून पाहिलं होतं," काका म्हणाले. "खाली कोणी नव्हतं. चार मिनिटांनी होतं."

"कोण होतं?"

"मी."

गृहस्थ दोन पावले मागे सरकले. त्यांच्या मुलीने, आन्या तिचे नाव, खाली बसून चाकांच्या मधे पाहिले. "इज समबडी अंडर देअर?"

"दिसत तर नाही, बाळ," काका म्हणाले. "पण ज्याला नक्की माहीत आहे तो येतोय."

एकदा कोणीतरी लॉरेनला हाक मारून म्हणाले, की तू तरी सांग त्या म्हाताऱ्याला. तिने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवले आणि खिडकी लावून घेतली.

एक वाजून एकतीस मिनिटांनी केदारची गाडी पार्किंगमध्ये आली. तो धावत आला नाही. आमच्या यार्डात धावायची मनाई आहे, आणि ती त्याने त्या घटकेलाही पाळली. फलाटावरून एकशे चाळीस माणसे त्याच्याकडे पाहत होती. त्याचे कान लाल झाले होते. तो डब्यापाशी आला, गुडघे टेकले, खाली पाहिले. पलीकडे जाऊन पुन्हा पाहिले. खिळीला हात लावून खात्री केली. मग माझ्यापाशी येऊन बिल्ला काढला, खिशात ठेवला, माझा स्क्रू सैल केला आणि मला उचलले.

"काका," तो म्हणाला, "माझी नोकरी राहील की नाही माहीत नाही."

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ते मला नाही सांगता येणार. गाडी मात्र आता जाऊ शकते."

नोकरी राहिली. सोमवारी साहेबाने त्याला काय सुनावले ते त्याने कोणाला सांगितले नाही. पुढच्या शनिवारी तो आला. नव्या लोकांचा वर्ग आता काका घेत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. केदार घेतो. त्यात तो स्वतःच्या दोन्ही चुका, तारखांसकट, सांगतो. तेव्हा कोणी हसत नाही.

मित्रांनो, तुम्ही या डोंगरात आमच्या गाडीने फिरायला याल तेव्हा चकचकीत इंजिन पाहाल, मखमली आसने पाहाल, त्यांचे फोटो काढाल. जरूर काढा. ती माणसांनी आपल्या सुट्ट्या खर्चून, हाताला घट्टे पाडून पुन्हा जिवंत केली आहेत. माझा फोटो नाही काढलात तरी चालेल. मला हार नको, कुंकू नको, संग्रहालयातली काचेची पेटी तर नकोच. दर दोन वर्षांनी एक हात निळा रंग पुरतो. मात्र मी रुळावर उभी दिसले आणि मला लावणारा कुठे दिसत नसला, तर तुम्ही कितीही घाईत असा, तुम्हाला कितीही खात्री असो, हात मागे घ्या. तो माणूस येईपर्यंत थांबा. ते थांबणे हीच माझी निगा आहे.

एप्रिलमधल्या त्या दिवशी गाडी अठ्ठेचाळीस मिनिटे उशिरा सुटली. आमच्या रोजच्या नोंदवहीत उशिराचे कारण लिहायला एक रकाना आहे. पाऊस, पडलेले झाड, इंजिनाचा बिघाड असे तिथे लिहिले जाते. त्या रकान्यात लॉरेनने लिहिले, "एका माणसाची वाट पाहत होतो." खाली तिने सही केली आणि वही सहीसाठी काकांकडे सरकवली.